सोलापुरात मुलाच्या ताब्यासाठी वकील शोधताना या चुका टाळा

घटस्फोटासाठी वकील गाठताना बहुतेक पक्षकार ‘फी किती आणि निकाल कधी’ एवढेच विचारतात, आणि मूल कोणाकडे राहणार हा प्रश्न पोटगी व दागिन्यांच्या यादीखाली दबून जातो. सर्वांत महाग पडणारी चूक हीच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार ताब्याचा अंतरिम म्हणजे तात्पुरता आदेश दावा चालू असतानाच मागता येतो. वकिलाने पहिल्या भेटीत हा विषय काढला नाही, तर आपण काढावा. कारण मूल एका घरात रुळले की त्याला तिथून हलवण्यास न्यायालय सहसा राजी नसते.

वकील काय सांगतो यापेक्षा काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. मुलाला शाळेत कोण सोडते, ताप आल्यावर दवाखान्यात कोण नेते, प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आहे, अशी चौकशी करणारा वकील कामाचा समजावा. १९५६ च्या पालकत्वविषयक कायद्याने सर्वोच्च मानलेले मुलाचे हित अशाच बारीकसारीक कागदांतून न्यायाधीशांपुढे येते. सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक तेलुगू भाषक घरांत आजी-आजोबा तेलुगूतच मोकळेपणाने बोलतात, आणि नातवाचा दिवस कसा जातो हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. तिथे तेलुगू समजणारा वकील असणे ही चैन नव्हे.

‘ताबा आईलाच मिळतो, निर्धास्त राहा’ असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. पाच वर्षांखालील मूल आईकडे असावे असे कायदा म्हणतो खरा, पण ‘सामान्यतः’ हा शब्द त्यातच आहे. ‘निकाल लागल्यावर त्या हिशेबाने पैसे द्या’ हा सौदाही नको, कारण निकालावर फी ठरवणे बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांत बसत नाही.

वकीलपत्रावर सही केली की आपले काम संपले, हाही भ्रमच. कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि समुपदेशकापुढे तर स्वतःलाच बसावे लागते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात खर्च वाचवण्यासाठी दोघे मिळून एकच वकील करतात. भांडी वाटून घेण्यापुरते ते ठीक आहे, मुलाच्या बाबतीत मात्र नाही. ‘वडिलांना मुलाला भेटता येईल’ एवढेच मोघम वाक्य संमतीच्या अटींत राहिले, तर पहिल्याच जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मूल कोणी न्यायचे यावरून पुन्हा वाद उभा राहतो. वार, वेळ, दिवाळी व मे महिन्याची सुट्टी, मुलाला कुठून घ्यायचे आणि कुठे सोडायचे, हे सारे लिहून घेणारा स्वतंत्र वकील दोघांनाही हवा.

पैशाअभावी कोणताही वकील धरण्याची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

वकील बदलण्याची वेळ आलीच, तर फी थकली म्हणून त्याला फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही जन्मदाखला आणि शाळेचे मूळ कागद स्वतःकडेच ठेवून वकिलाला प्रती द्याव्यात. कौटुंबिक न्यायालयाचा अंतिम निकाल विरोधात गेल्यास अपील ठरलेल्या मुदतीतच करावे लागते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अशी प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) जात असल्याने त्यासाठी मुंबईचा वकील शोधत बसू नये.