बोटुकली तळ्यात सोडण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळची बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) गाडीवरून येते आणि पिशव्या थेट शेततळ्यात रिकाम्या होतात. तिथंच घोळ होतो. ऊ (अर्ग्युलस) आणि टाचणीसारखा अँकर किडा बोटुकलीसोबत येतात, आणि एकदा पाण्यात अंडी पडली की वर्षभर पिच्छा सोडत नाहीत.

म्हणून तळ्यात सोडण्याआधी मासे ठेवायला वेगळं टाकं हवं. त्याच तळ्यात लावलेला हापा (जाळीचा पिंजरा) चालत नाही. जाळीतून पाणी आरपार जातं, तर उवेची पिल्लंही जातातच. 10 गुंठ्यांच्या तळ्याला साधारण 500 बोटुकली लागते. चार इंची, दहाएक ग्रॅमची असेल तर 2000 लिटरचं सिमेंटचं किंवा ताडपत्रीचं टाकं पुरतं. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घ्या, भारनियमनाच्या रात्री मासे वर तोंड काढून गुदमरतात.

पिशव्या टाक्याच्या पाण्यात 15-20 मिनिटं तरंगत ठेवा, मग टाक्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत मिसळा. मासे मऊ जाळीनं काढून टाक्यात घ्या. पिशवीतलं पाणी लांब शेतात ओता, तळ्याकडं उतार असलेल्या बाजूला नाही. याच वेळी पाच-पंचवीस मासे पांढऱ्या घमेल्यात घेऊन निरखा. ऊ पारदर्शक, चपटी, मसुराच्या डाळीएवढी किंवा त्याहून लहान असते. खवल्यासारखीच दिसते म्हणून नजरेतून सुटते. ओलं बोट हलकंच फिरवलं की ती सरकते, आणि भिंगातून दोन काळे डोळे दिसतात. अँकर किडा अंगात रुतलेल्या दोऱ्यासारखा, बुडाशी लाल जखम. सापासारख्या डोक्याचं मरळचं पिल्लू किंवा अंगावर उभे पट्टे असलेली तिलापिया सापडली तर वेगळी काढा.

पहिल्या दिवशी खाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी मिठाची बुडी: 20 लिटर पाण्यात 400 ग्रॅम खडे मीठ पूर्ण विरघळवून, 1 ते 2 मिनिटं. मासा आडवा पडू लागला की लगेच काढा, घड्याळाची वाट पाहू नका. आधी दहा माशांवर करून बघा. मिठानं काही उवा सुटून पडतात, पण अंडी मरत नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवशी पोटॅशियम परमँगनेट. 200 लिटरच्या ड्रमला 2 ग्रॅम, अर्धा तास, सावलीत, पंप चालू ठेवून. 2 ग्रॅम चिमटीनं मोजता येत नाहीत. सोनाराच्या काट्यावर तोलून पुड्या बांधून आणा. आधी मगभर पाण्यात विरघळवा, कारण न विरघळलेला खडा कल्ले भाजतो. पाणी जांभळं राहायला हवं. तपकिरी झालं तर औषधाचा जोर संपला. आणि दुकानात नुसतं 'पोटॅश' मागू नका, खताचं पोटॅश हाती पडेल.

मासे तीन आठवडे टाक्यात ठेवा. एवढा वेळ कंटाळवाणा वाटतो, पण अंडी फुटायला आणि नवी ऊ दिसायला तो लागतो. रोज चतुर्थांश पाणी बदला. कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप समप्रमाणात, दिवसाला 100 ग्रॅम. टाक्यात बांबूच्या दोन-तीन पट्ट्या उभ्या ठेवा. ऊ कडक पृष्ठभागावर ओळीनं अंडी चिकटवते. दर चार दिवसांनी पट्टी काढून कडक उन्हात वाळवा, दुसरी लावा. पट्टीवर अंडी दिसली तर तीन आठवडे पुन्हा मोजायला सुरुवात करा.

तळ्यात मरळ, मांगूर असे बोटुकली खाणारे मासे आधीच असतील तर बोटुकली सोडण्यापूर्वी मोहाची ढेप टाका: 10 गुंठे, एक मीटर पाण्याला 250 किलो, रात्रभर भिजवून. तिचं विष 15-20 दिवस टिकतं, म्हणून त्यानंतरच बीज सोडा. ढेपेनं मेलेले मासे खायला चालतात. पाणी आत येतं तिथं बारीक जाळी लावा, नाहीतर पुराच्या पाण्यासोबत पुन्हा तेच येईल.

गोचिडाचं औषध अंदाजानं तळ्यात ओतणं मात्र टाळा. उवा मरतील, सोबत झिंगे आणि माशांचं नैसर्गिक खाद्यही.

उवा तळ्यात शिरायची आणखी एक वाट आहे, ती फार कुणी पाहत नाही: जाळं. मामा (माजी मालगुजारी) तलावात वापरलेलं ओलं जाळं दुसऱ्या दिवशी शेततळ्यात टाकलं तर टाक्याची सगळी मेहनत वाया. उसनं आणलेलं जाळं दोन दिवस उन्हात पसरा, हातात कुरकुरीत लागेपर्यंत.