भूतानचं पहिलं ऑलिम्पिक मैदानावर कसं शिकवायचं

पी.टी.चा तास घेणाऱ्या माझ्यासारख्या मॅडम-सरांसाठी हे लिहितेय. पहिल्या वर्षी मी फळ्यावर भूतानचा नकाशा लावून '1984, लॉस एंजेलिस' लिहिलं, तर मागच्या बाकावर डबे उघडले. आता मी फक्की घेऊन बाहेर पडते, तिरंदाजीची अंतरं आखायला.

शाळेच्या पटांगणात 140 मीटर सरळ जागा मिळत नाही. आम्ही नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर जातो, सकाळी चालणारी मंडळी पांगल्यावर. 50 मीटरची टेप तीनदा टाकावी लागते. 30, 50, 60, 70, 90 आणि शेवटी 140 वर रेषा मारा.

140 वर जेमतेम दीड वीत रुंदीची फळी उभी करा. भूतानमध्ये साधारण एवढ्या लांबून असल्याच फळीवर नेम धरतात. फळ्या दोन्ही टोकांना, फेरीला प्रत्येकी दोन बाण. समोरचा संघ फळीपाशीच उभा राहून चिडवतो आणि बाण लागला की आपले भिडू गातात, नाचतात. हे सगळं मुलांकडून करून घ्या, फक्त बाण नको. आमच्याकडची पेठ-सुरगाणा तालुक्यांतली पोरं 'घरून आणतो' म्हणतातच, ठाम नाही म्हणा.

मग 90 वर, ऑलिम्पिकचं लक्ष्य म्हणून, द्राक्षाचे खोके उलगडून कापलेलं 122 सेंमीचं वर्तुळ लावा. "मॅडम, हे तर सोपंय!" असा गलका होईल. होऊ द्या. मग आतला 10 गुणांचा गोल दाखवा: 12.2 सेंमी, आमटीच्या वाटीएवढा. 1984 च्या त्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांना अंतरं होती 90, 70, 50, 30 मीटर. महिलांना 70, 60, 50, 30. प्रत्येक अंतरावरून 36 बाण, आणि हे सगळं दोनदा, म्हणजे 288. भूतानचे सहाच खेळाडू गेले होते, सगळे तिरंदाज. भूतानमध्ये हा परंपरेनं पुरुषांचा खेळ, पण सहातल्या तिघी बायका! मी मुलींना आधी 70 च्या रेषेवर उभं करते.

'मेडल किती?' हा प्रश्न येतोच. एकही नाही, अजूनही नाही, असं सरळ सांगा. लगेच हेही सांगा, की भारताचे तिरंदाज ऑलिम्पिकला पोचले 1988 मध्ये, भूतानच्या चार वर्षांनंतर. आगाऊ पोरं इथे गप्प होतात.

शेवटी काठीचं धनुष्य धरून, हात ताणून, पाच आकडे मोजेपर्यंत स्थिर उभं राहायला लावा. असं 36 वेळा. विसाव्यापाशी दंड थरथरू लागतात. पाण्याच्या बाटल्या सावलीत ठेवा.