आधी डोळे, मग चेहरा

छोटे पुतळे रंगवायचा माझा छंद. २८ मिमी उंचीचा सैनिक, त्याचा डोळा मोहरीहून लहान. चौथ्यांदा फिसकटला तेव्हा ब्रश आपटला आणि ३ आठवडे टेबलाकडे फिरकलोच नाही. हाताला बोल लावत होतो, दोष निघाला रंगाचा. ॲक्रिलिक थेट बाटलीतून घ्यायचो; ब्रशच्या टोकावर ते बघता बघता सुकतं आणि चेहऱ्यावर गुठळी बसते. मग डब्यात ओला स्पंज, वर बेकिंग पेपर, असं वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी पाटी) केलं. रंग दुधाइतका पातळ, २-३ हात. डोळे आधी रंगवतो; बाहेर गेलेलं पांढरं नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येतं. एकदम २० सैनिक मांडणंही (हावच ती!) बंद. टेबलावर एकच. काल त्याचा डावा डोळा जमला. उजवा अजून तिरळा आहे.