जमीन खचतेय का? उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून कसं ओळखावं

पहिला इंटरफेरोग्राम (दोन तारखांच्या रडार प्रतिमांमधला फरक रंगांत दाखवणारं चित्र) पाहणारा हमखास फसतो. पडद्यावर इंद्रधनुषी वलयं उमटली की त्याला वाटतं, जमीन हलली. पुष्कळदा हललेली असते ती फक्त हवेतली वाफ. म्हणून या लेखात कुठलं बटण दाबायचं यापेक्षा ती वलयं वाचायची कशी, यावर जास्त भर आहे. बटणं दाबायचं काम हल्ली सर्व्हरही करून देतात.

तत्त्व तसं साधं आहे. उपग्रह ठरावीक दिवसांनी जवळपास त्याच वाटेने परत येतो, जमिनीकडे मायक्रोवेव्ह लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींची तीव्रता व फेज (लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते) नोंदवतो. दोन तारखांच्या फेजमधला फरक काढला की उपग्रह आणि जमीन यांच्यातलं अंतर किती बदललं ते कळतं. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहांची तरंगलांबी साधारण ५.५ सेंमी आहे. लहर जाऊन परत येते, त्यामुळे रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे सुमारे २.८ सेंमी हालचाल. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपाचं असं चित्र पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालं आणि ही पद्धत सगळीकडे पोचली.

आधी हालचाल कोणत्या जातीची ते ठरवा

भूजल उपशाने खचणारं शहर, फुगणारा ज्वालामुखी, संथ सरकणारा डोंगरउतार, भूकंप: इथे फेज कामाचा. पण दरड एका रात्रीत कोसळली, नदीने पात्र बदललं किंवा पूर आला, तर फेज विसरा. पृष्ठभागच बदलल्यावर दोन प्रतिमांच्या फेजचा एकमेकांशी ताळमेळ उरत नाही. अशा वेळी आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमेची तीव्रता शेजारी ठेवून पाहायची. साचलेलं संथ पाणी काळं दिसतं, कारण लहर आरशावर आपटल्यासारखी दुसरीकडे निघून जाते. आधीची प्रतिमा लाल आणि नंतरची हिरवी व निळी अशा रंगांत एकत्र केली, तर बदललेल्या जागा रंगीत दिसतात आणि न बदललेल्या करड्या राहतात. तीव्रतेच्या कामाला एवढं पुरतं. पुढचं सगळं फेजबद्दल.

प्रतिमा निवडणं

सुरुवात सेंटिनेल-१ पासून करा. २०१४ पासूनचा साठा मोफत आहे आणि एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच वाटेवर येतो. कोपर्निकसच्या डेटा संकेतस्थळावर किंवा अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्सवर खातं उघडून शोध घ्या. उत्पादनाचा प्रकार एसएलसी हवा, म्हणजे फेज शाबूत असलेली प्रतिमा. जीआरडी या दुसऱ्या प्रकारात फेज काढून टाकलेला असतो. नवखे इथेच चुकतात आणि काही जीबी उतरवून झाल्यावर त्यांना ते कळतं. दोन्ही प्रतिमा एकाच ट्रॅकच्या, म्हणजे उपग्रहाच्या एकाच ठरलेल्या वाटेच्या असल्या पाहिजेत. तारखांमधलं अंतर कमी ठेवा. शेतं, झाडी आणि बर्फ फेजचा ताळमेळ झपाट्याने घालवतात. दाट झाडीत लांब तरंगलांबीचं एल-बँड रडार बरं, जसं जपानच्या अलोस-२ वरचं, किंवा ३० जुलै २०२५ ला सोडलेल्या निसारवरचं, ज्याची तरंगलांबी सुमारे २४ सेंमी आहे.

प्रक्रिया

पहिला सराव उत्तर माहीत असलेल्या घटनेवर करा. जुलै २०१९ चा कॅलिफोर्नियातला रिजक्रेस्ट भूकंप त्याला छान: प्रदेश कोरडा, हालचाल मोठी. ४ जुलैच्या आधीची एक आणि ६ जुलैनंतरची एक प्रतिमा घ्या. व्हर्टेक्समधूनच हायपथ्री या ऑनलाइन प्रक्रिया सेवेकडे जोडी पाठवली की तयार इंटरफेरोग्राम मिळतो. माझा सल्ला हाच.

आत काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल, तर एकदा तरी स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाताने करा. क्रम असा: हवा तेवढा पट्टा कापणं, अचूक कक्षेची फाइल लावणं, उंचीच्या नकाशाच्या आधारे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवणं, इंटरफेरोग्राम काढणं, प्रतिमा ज्या तुकड्यांत येते त्यांचे सांधे जोडणं, डोंगरदऱ्यांमुळे आलेला फेज वजा करणं, गोल्डस्टीन फिल्टरने गोंगाट कमी करणं, मग स्नाफू या प्रोग्रॅमने फेज उलगडणं आणि शेवटी नकाशावर बसवणं. उलगडणं म्हणजे चक्रं मोजून सलग आकडा करणं. शेजारच्या दोन पिक्सेलांत सुमारे १.४ सेंमीहून जास्त फरक असला की ही मोजणी घसरते, आणि घसरली तरी चित्र मात्र गुळगुळीतच दिसतं.

वलयं वाचणं

सगळ्यात आधी कोहेरन्सचा नकाशा उघडा. ० ते १ मधला हा आकडा फेजवर कितपत भरवसा ठेवायचा ते सांगतो. जिथे तो तळाला गेलाय तिथले रंग निव्वळ कचरा.

मग हवेचा संशय घ्या. बाष्पामुळे लहरीला उशीर होतो आणि काही सेंटिमीटरची खोटी हालचाल दिसते. यावर एक जुनी युक्ती आहे. तीन तारखा घ्या आणि पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी अशा दोन जोड्या करा. एखादी खूण दोन्हींत आहे पण चिन्ह उलटं आहे? तर बहुधा दोष मधल्या दिवसाच्या हवेचा. जमीन सतत खचत असेल तर चिन्ह दोन्हींत सारखंच राहतं. रंगांचे पट्टे डोंगराच्या उंचीबरोबर चढत गेलेले दिसले, तरीही आधी हवेलाच धरा.

आकडे सापेक्ष असतात. पक्क्या खडकावरचा एखादा बिंदू शून्य माना. तो बिंदूच खचत असेल तर बाकी सगळं गाव वर येताना दिसेल! चिन्हाचा अर्थही सॉफ्टवेअरगणिक बदलतो. उपग्रहाकडे येणं धन की ऋण, हे माहितीपुस्तिकेत पाहा.

शिवाय रडार तिरकं पाहतं. दिसते ती दृष्टिरेषेतली, म्हणजे उपग्रह ते जमीन या तिरक्या रेषेवरची हालचाल. जमीन फक्त उभी खचते असं गृहीत धरलं, तर मोजलेला आकडा त्या जागेच्या आपाती कोनाच्या (लहर उभ्या रेषेशी करते त्या कोनाच्या) कोसाइनने भागा: ३९ अंशांवर ३ सेंमीचे जवळपास ३.९ सेंमी होतात. ते गृहीतक पटत नसेल, तर उत्तरेकडे जाणाऱ्या आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या अशा दोन्ही फेऱ्यांची मापं घ्या, म्हणजे उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी काढता येते. उत्तर-दक्षिण हालचालीबाबत हे उपग्रह जवळजवळ आंधळे आहेत.

संथ हालचाल असेल तर

वर्षाला काही मिलिमीटर हालचाल एका जोडीत दिसणार नाही. त्यासाठी डझनावारी प्रतिमांची कालमालिका लागते. मिंटपाय हे मोफत साधन त्यासाठीच आहे. युरोपातली जागा असेल तर आधी युरोपियन ग्राउंड मोशन सर्व्हिसचा तयार नकाशा पाहून घ्या, सगळी मेहनत वाचेल. जवळपास जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा मोजणारं) केंद्र असेल तर पडताळणी जरूर करा. मात्र केंद्राची पूर्व, उत्तर आणि उभी अशी तिन्ही मापं आधी रडारच्या दृष्टिरेषेवर आणा आणि मगच आलेख एकमेकांवर ठेवा.