चिनी कम्युनिस्ट पक्षात कोण कुणाचा माणूस, हे कसं ओळखायचं

वाशीतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी बावीस वर्षं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजी मालाच्या पावत्या, वाचतोय. निंगबो बंदराचं नाव मी नौपाड्यापेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. निंगबो चीनच्या झेजियांग प्रांतात, आणि २००२ ते २००७ या प्रांताचे पक्षसचिव, म्हणजे प्रांतातले पक्षाचे सर्वांत वरचे नेते, होते शी जिनपिंग. तेव्हा मला त्याचं काही नव्हतं, कंटेनर वेळेवर सुटला की झालं. २०१२ला तेच पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे सर्वोच्च नेते, झाले आणि मला तिथल्या राजकारणाचा नाद लागला. आता भाचा यूपीएससी करतोय. एक दिवसाआड त्याचा फोन असतो, "मामा, हा कुणाचा माणूस?" तुकड्यातुकड्यांत सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सामान फार लागत नाही. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ, पेन्सिल आणि खोडरबर. बॉलपेन नको. २०२२च्या सप्टेंबरात मी हू छुनहुआ यांचं नाव पॉलिटब्युरोच्या (पक्षाच्या वरच्या नेतेमंडळाच्या) स्थायी समितीत बॉलपेनने लिहिलं होतं. उपपंतप्रधान, युवक लीगचे (पक्षाच्या तरुणांच्या संघटनेचे) माजी प्रमुख, वय ५९, मला शंकाच नव्हती. ऑफिसात मिसळीची पैजही लावली. ऑक्टोबरात यादी आली, तर स्थायी समिती राहिली बाजूला, त्यांना पॉलिटब्युरोतूनच काढलेलं. पंचवीसच्या जागी चोवीसच नावं. मिसळ मी खिलवली, आणि तक्त्यावर व्हाइटनरचा तो डाग अजून आहे. (स्थायी समिती आपल्या ठाणे महापालिकेतही असते. नाव तेच. चीनमधली सात जणांची, आणि देश चालवते.)

आता पहिली गोष्ट. गटाचं नाव आधी लिहायचं नाही. बहुतेक जण इथेच घसरतात: वर 'शांघाय गँग' (शांघायमधून वर आलेले), 'युवक लीगवाले', 'राजपुत्र' (जुन्या बड्या नेत्यांची मुलं) असे तीन रकाने पाडतात आणि माणसं आत कोंबतात. पण पक्षात गट करायला मनाई आहे. लेनिनने १९२१मध्ये रशियातल्या स्वतःच्या पक्षात गटबाजीवर बंदी घातली, चिनी पक्षाचे शिस्तीचे नियमही तेच सांगतात. त्यामुळे कुणी स्वतःला गटाचा म्हणवत नाही. ही नावं बाहेरच्यांनी दिलेली.

आपल्याकडे सोपं असतं, गट फ्लेक्सवर टांगलेला असतो. आमच्या कोपऱ्यावर दर वाढदिवसाला एक लागतो. वर मोठ्ठे साहेब, खांद्याशी दोन मधले, आणि खाली शुभेच्छुकांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे. मागे एकदा सकाळी दूध आणायला गेलो तर तिसऱ्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवलेला. दूधवाल्यालाही कळलं काय झालं ते. चीनमध्ये असा फ्लेक्स लागत नाही, म्हणून आपण घरी बनवायचा.

रकाने चार: माणूस, कुठल्या जागेवर, कधीपासून कधीपर्यंत, आणि तेव्हा त्याच्या थेट वर कोण. खरा रकाना चौथा: त्यावरून साहेब आणि माणूस यांच्यात रेघ ओढायची. बिल ऑफ लेडिंगवर आपण जसं माल कुठे चढला, कुठे जहाज बदललं ते बघतो, तसंच. ली छियांग घ्या. २००४पासून झेजियांग पक्ष समितीचे महासचिव, म्हणजे २००७पर्यंत पक्षसचिव शी जिनपिंग यांचं ऑफिस सांभाळणारे. पुढे झेजियांगचे गव्हर्नर, मग जिआंग्सूचे पक्षसचिव, मग शांघायचे. २०२२च्या वसंतात शांघायच्या लॉकडाउनमुळे लोक चिडले होते, तरी त्याच ऑक्टोबरात ते दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि मार्च २०२३मध्ये पंतप्रधान झाले, आधी कधी उपपंतप्रधान नसताना. नुसत्या कामगिरीवरून हे समजत नाही, चौथ्या रकान्यावरून समजतं.

वर्षं किती एकत्र होती, यापेक्षा खुर्ची कुठली होती ते बघा. शी शांघायचे पक्षसचिव २००७मध्ये जेमतेम सात महिने होते. तेवढ्यात तिंग श्वेशियांग त्यांचे सचिव, म्हणजे पीए, झाले, आणि आज स्थायी समितीत आहेत. पीए म्हणजे काय, हे ठाणेकराला मी सांगायला नको. साहेबांकडे काम असलं की आधी कुणाला फोन जातो?

हाच पीए उलटाही कामाला येतो. चौ योंगकांग हे तेल खातं, सिचुआन आणि मग पोलीस-न्याय यंत्रणा सांभाळलेले बडे नेते. त्यांच्यावरची चौकशी जाहीर झाली जुलै २०१४मध्ये. पण त्याआधीच त्यांचे जुने सचिव एकेक करून उचलले गेले होते: २०१३मध्ये क्वो योंगशियांग, २०१४च्या फेब्रुवारीत ची वेनलिन, तेव्हा हायनानचे उपगव्हर्नर. २०१५ला चौ यांना जन्मठेप. म्हणून एखाद्या प्रांतातला उपगव्हर्नर पडला, की त्याचा जुना साहेब कोण ते लगेच बघून ठेवा. तिथे पेन्सिलने फुली नको, नुसता ठिपका.

नावांचे रकाने आता पाडले तरी चालतील, पण विश्वास जपून. 'राजपुत्र' तर जवळजवळ निरुपयोगी. शी आणि पो शीलाय, दोघांचेही वडील उपपंतप्रधान होते. एक सरचिटणीस झाले, दुसऱ्याला २०१३ला जन्मठेप. वांग हुनिंग कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, च्यांग चमिन, हू चिंताव आणि शी या एकामागून एक आलेल्या तिन्ही सरचिटणीसांसाठी त्यांनी लिहिलं. वयाचा नियमही आता धरू नका. ६७ला राहायचं, ६८ला घरी, असं होतं. २०२२मध्ये ६७ वर्षांचे पंतप्रधान ली खछियांग पक्षाच्या नेतृत्वातून बाहेर गेले आणि ७२ वर्षांचे जनरल चांग योउशिया राहिले.

मला सगळ्यात अवघड जातं ते सध्याचं. जुने विरोधक संपले, आता सगळेच शी यांचे. मग फूजियानचे, झेजियांगचे, शान्शीचे असं शी यांच्या जुन्या प्रांतांवरून आतल्या आत मोजावं लागतं. चिनी सैन्यातले बडे अधिकारी हे वेइतोंग ('हे' आडनाव) आणि म्याओ हुआ, दोघेही फूजियानमधल्या एकतिसाव्या गट सेनेतून आलेले, आणि शी फूजियानमध्ये सतरा वर्षं होते. माझ्या तक्त्यावर ते सर्वांत भक्कम रेघेचे. ऑक्टोबर २०२५मध्ये दोघांनाही पक्षातून काढलं.

भाच्याने त्याच रात्री फोन केला, "मामा, हे तर त्यांचेच होते ना?" मी खोडरबर शोधत होतो. रेघ मात्र पुसली नाही. एकत्र काम केल्याची वर्षं खरीच आहेत, 'शींचे' म्हणून नावांभोवती आखलेली चौकट तेवढी पुसली.