एकाच जातीचे मासे, रंग मात्र वेगळे: प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन माशांवर प्रोजेक्ट करायचं ठरवलं, की हा विषय हमखास समोर येतो. एकाच जाळ्यात आलेल्या चिलापींतली (तिलापिया) एक काळीकुट्ट, दुसरी राखाडी. एका तळ्यातला मरळ गडद, दुसऱ्या तळ्यातला फिका. विषय सोपा वाटतो, पण बहुतेक प्रोजेक्ट 'वातावरणामुळे रंग बदलतो' एवढ्या एका वाक्यावर येऊन थांबतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर रंग का बदलला हे विचारण्याआधी तो किती वेळात बदलला ते विचारा. मिनिटांत, आठवड्यांत, हंगामात की पिढ्यांमध्ये? बदलाचं कारण त्यावरूनच कळतं.

माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. मेलॅनोफोर या गडद रंगपेशीत मेलॅनिन या रंगद्रव्याचे काळे-तपकिरी कण असतात, पिवळ्या आणि लाल पेशींत टेरिडीन व कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं. चंदेरी चमक देणाऱ्या इरिडोफोरमध्ये ग्वानिनचे पातळ स्फटिक असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. मेलॅनोफोरचा आकार फारसा बदलत नाही, कण मात्र आतल्या आत फिरतात. मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनॅलिन हे रसायन सुटलं की कण मध्यभागी गोळा होतात आणि मासा फिका पडतो. पीयूषिका ग्रंथीच्या एमएसएच (मेलॅनोसाइट स्टिम्युलेटिंग हार्मोन) या संप्रेरकाने कण पसरले की मासा गडद होतो. हा बदल मिनिटांचा.

तळाचा रंग माशाला डोळ्यांनी कळतो. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परावर्तित होणारा प्रकाश यांचं प्रमाण तो जोखतो. आंधळे मासे बहुधा गडद दिसतात ते यामुळेच. आपल्याकडे खानापूरच्या बाजूला तांबडी जांभ्याची माती आणि अथणी-रामदुर्गकडे काळी माती, त्यामुळे तुलनेसाठी तळ वेगळे शोधायला लांब जावं लागत नाही.

प्रयोगशाळेत याची पडताळणी अशी करा. सारख्या मापाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीला बाहेरून, तळासकट, पांढरा कागद लावा, दुसरीला काळा. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. दिवा वरून आणि दोन्हींना सारखाच हवा. दिवा बाजूला ठेवला तर तळाचा परिणाम दिसत नाही आणि निकाल उलटसुलट येतात. एकाच घोळक्यातले, सारख्या आकाराचे मासे दोन्हींत सोडा, स्थिरावू द्या, मग बरण्या अदलाबदल करून पुन्हा बघा. अदलाबदल टाळली तर तो मासा मुळातच गडद होता की तळामुळे झाला, हे सांगता येत नाही. जाळी लावून मासा पकडला की भीतीनेही रंग बदलतो, म्हणून फोटो बरणीतच, फ्लॅश न वापरता घ्या. मोबाइल स्वतःहून रंग सुधारतो. व्हाइट बॅलन्स कायम ठेवा आणि प्रत्येक फोटोत तोच राखाडी कागद येऊ द्या.

खरी मजा सूक्ष्मदर्शकाखाली आहे, आणि हा भाग गाळू नका. ताज्या माशाच्या पाठीकडचं एक खवलं चिमट्याने अलगद काढा. १०० मिली पाण्यात ०.७ ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या द्रावणाच्या थेंबात ते ठेवा, बाहेरची बाजू वर. रंगपेशी खवल्याच्या शरीराबाहेर दिसणाऱ्या भागावर असतात. कातडीत दडलेल्या टोकावर शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. पसरलेले मेलॅनोफोर फांद्या फुटलेल्या झाडासारखे दिसतात. आता मिठाचं द्रावण टिपकागदाने शोषून घ्या आणि १०० मिलीला ०.७५ ग्रॅम या प्रमाणातलं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण सोडा. काही मिनिटांत फांद्या रिकाम्या होतात आणि मध्ये काळा ठिपका उरतो, कारण पोटॅशियममुळे मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रिनॅलिन सुटतं. परत मिठाचं द्रावण दिलं की कण पसरतात. साध्या नळाच्या पाण्यात पेशी फुगून बिघडतात. खवलं वाळलं तर सगळंच थांबतं. मोजमापासाठी हॉगबेन आणि स्लोम यांनी १९३१ साली मांडलेला १ ते ५ चा निर्देशांक वापरा: १ म्हणजे ठिपका, ५ म्हणजे पूर्ण पसरलेलं जाळं. प्रत्येक खवल्यातल्या १० पेशींना अंक द्या आणि सरासरी काढा.

आठवड्यांच्या बदलात पेशींची संख्या आणि त्यातलं रंगद्रव्य वाढतं किंवा घटतं. आहाराचा प्रयोग इथे बसतो. मासे कॅरोटिनॉइड स्वतः तयार करत नाहीत, ते अन्नातून मिळवतात. गोल्डफिशला झेंडूच्या पाकळ्यांतलं ल्युटीन हे पिवळं कॅरोटिनॉइड चालतं, कारण तो त्याचं अॅस्टॅक्सँथिन या लाल कॅरोटिनॉइडमध्ये रूपांतर करू शकतो. सगळ्याच माशांना हे जमत नाही. पाकळ्या सावलीत वाळवा, कारण उन्हात रंगद्रव्य नष्ट होतं. पूड थोड्या तेलात कालवून खाद्यात मिसळा, आणि तुलनेच्या टाकीतल्या खाद्यातही तेवढंच तेल घाला. सहा आठवड्यांच्या आत निकाल काढू नका. गोल्डफिशची पिल्लं सुरुवातीला काळपट-तपकिरी असतात आणि नंतर रंगतात, म्हणून अगदी लहान पिल्लं घेतलीत तर वयाचा बदल आहाराच्या नावावर जमा होतो.

हंगामाचं उदाहरण चिलापीतच आहे. मोझांबिक तिलापिया, जी १९५२ साली भारतात आणली गेली, तिचा नर प्रजननाच्या काळात काळा होतो, गळा पांढरा आणि परांच्या कडा लाल. मादी आणि इतर नरांपुढे दबलेले नर राखाडीच राहतात. म्हणून नर-मादी वेगळे न करता दोन तळ्यांतल्या माशांचा रंग ताडून बघणं व्यर्थ आहे.

पिढ्यांचा बदल गप्पीत बघा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले हे मासे गटारीत आणि टाक्यांत सापडतात. नरांचे ठिपके आनुवंशिक, म्हणून दोन नर सहसा सारखे नसतात. त्रिनिदादच्या ओढ्यांत काम करून जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये दाखवलं की भक्षक कमी झाले की पुढच्या पिढ्यांत नर अधिक रंगीत होत जातात.

मासे गोळा करताना एक काळजी घ्या. भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय पाण्यात हातही घालू नका. हिडकल किंवा राकसकोपसारख्या धरणांवर आधी परवानगी विचारा, नाहीतर मासेमारांकडून ताजे मासे विकत घ्या. रंगाची नोंद मासा जिवंत असतानाच करा, कारण मेल्यावर रंग बदलतो. जतनासाठी बाजारातलं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्या, पण त्यात लाल-पिवळा रंग उतरतो, काळा तेवढा टिकतो. म्हणून जात ओळखताना रंगावर विसंबू नका, पार्श्वरेषेवरची (अंगाच्या बाजूने लांब जाणाऱ्या रेषेवरची) खवली आणि परांतले काटे मोजा. बाटलीवरच्या चिठ्ठीत ठिकाण, तारीख, वेळ, तळाचा रंग, पाण्याचा गढूळपणा, लिंग आणि लांबी लिहा. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची असेल तर शिसपेन्सिलीने लिहा, शाई विरघळते.

ज्यांना पुढे यातच राहायचंय त्यांनी बारावीनंतर केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेमार्फत चार वर्षांच्या बी.एफ.एस्सी. या मत्स्यविज्ञान पदवीचा विचार करावा. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९ पासून आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी या विषयातली इंग्रजी संज्ञा पहिल्या महिन्यातच वहीत मराठी अर्थासह लिहून काढाव्यात, कारण तोंडी परीक्षेत मेलॅनोफोर आणि मेलॅनिन यांत गल्लत झाली की परीक्षक पुढचे प्रश्न तिथूनच विचारतात.