सर्व्हिस्ड पिचवर पाणी आणि सांडपाणी: आधी उतार बघा, मग नळ

ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅन साइटवर (कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) सर्व्हिस्ड पिच, म्हणजे ती उभी करायची सोयींसकट जागा, घेतली की कॅरॅव्हॅनशेजारी आपला स्वतःचा नळ मिळतो, सांडपाणी सोडायला स्वतःचं गटाराचं तोंड मिळतं आणि विजेचा खांब तर असतोच. भर पावसात ४० लिटरचं अ‍ॅक्वारोल (पाण्याचं लोळवत न्यायचं पिंप) लोळवत नळकोंडाळ्यापर्यंत जायचं नाही, या एका सुखासाठी आपण रोजचे जास्तीचे पाउंड मोजतो. आणि पहिल्याच संध्याकाळी शॉवरच्या ट्रेमध्ये घोटाभर साबणाचं पाणी साचतं.

याबद्दल जो सल्ला मिळतो तो सगळा स्वच्छ पाण्याबद्दल असतो. कुठला पाइप, कुठला अडॅप्टर, कुठला फिल्टर. अहो, स्वच्छ पाणी कुणालाही जोडता येतं. ते दाबाने येतं, वाटेत चढ असला तरी पोचतं. सांडपाण्याला मागून ढकलणारं कुणी नसतं. त्याला फक्त उतार कळतो, आणि कॅरॅव्हॅनचं सांडपाण्याचं तोंड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं. तेवढ्यातच सगळा उतार बसवायचा असतो.

गाडीपासून कॅरॅव्हॅन सोडण्याआधी

खाली उतरा आणि गटाराची जाळी शोधा. कॅरॅव्हॅनच्या सांडपाण्याच्या तोंडाच्या बाजूला आहे की पलीकडे? किती लांब? आणि मुख्य म्हणजे जमिनीलगत आहे की काँक्रीटचा ओटा करून वर बसवली आहे? हे सगळं कॅरॅव्हॅन गाडीला जोडलेली असतानाच बघायचं, कारण तेव्हाच ती मीटरभर पुढे-मागे घेता येते. तेही मनाला येईल तसं नाही. दोन बिऱ्हाडांमध्ये आगीच्या भीतीने ६ मीटर अंतर ठेवायचा नियम असतो, आणि कॅरॅव्हॅन क्लबच्या साइटवर पिचवर ठोकलेल्या खुंटीच्या हिशेबानेच उभं राहावं लागतं. पण असतो तेवढा वाव वापरा.

मी हे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शिकलो. पाऊस होता, मुलं भुकेली होती, म्हणून आधी कॅरॅव्हॅन सोडली, ऑनिंग (बाजूला लावायचा तंबू) उभारलं, चहा झाला आणि मग सांडपाण्याचा पाइप काढला. जाळी मागच्या बाजूला चार मीटरवर होती आणि ओट्यामुळे आमच्या तोंडाच्या जवळजवळ बरोबरीला आलेली. मी पाइप गवतावरून नेऊन तिच्यात खुपसला आणि हात झटकले. रात्री बायकोने भांडी घासली, सिंकचा बूच काढला आणि मुलगी आतून ओरडली, "बाबा, शॉवरमधून डाळ येतेय!" मग मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो, बघू कुठे तुंबलंय म्हणून जोडणी ओढली, आणि पाइपात साठलेलं सगळं पाणी, हळदीसकट, माझ्या बुटात आलं.

पाणसळ

कॅरॅव्हॅन सपाट करायची ती आडव्या अंगाने चाकाखाली रॅम्प घालून, उभ्या अंगाने जॉकी व्हील (पुढचं उंची बदलणारं छोटं चाक) फिरवून. कोपऱ्यांचे पाय शेवटी, नुसते टेकवण्यापुरते; त्यांनी कॅरॅव्हॅन उचलायची नाही.

एवढंच की पाणसळीचा बुडबुडा अगदी मध्यात आला म्हणून खूश होऊ नका. शॉवरच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते भोकाकडे जातंय का बघा. आमच्या ट्रेचं भोक पुढच्या बाजूला आहे, म्हणून मी कॅरॅव्हॅनचं नाक केसभर खाली ठेवतो. झोपताना ते जाणवत नाही. तुमच्या कॅरॅव्हॅनचा कल कुठे हवा ते घरी, सुट्टीच्या आधी बघून ठेवा.

सांडपाणी: इथे घाई करू नका

ब्रिटिश कॅरॅव्हॅनला सांडपाण्याची अंगभूत टाकी बहुधा नसते. सिंकचं आणि बाथरूमचं पाणी साधारण २८ मिलिमीटरच्या तोंडांतून थेट बाहेर पडतं. (मोटरहोमला, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घराला, पोटाखाली टाकी असते, मोटरहोमवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.) दुकानात या तोंडांना लावायला वळ्यावळ्यांचा मऊ पाइप आणि दोन तोंडं एकत्र करणारा वाय-जॉइंट मिळतो. दोन्ही गोष्टी सगळे घेतात, आणि दोन्ही गोष्टींनी घात होतो.

आधी पाइप. हा वळ्यांचा पाइप ओटीसारखा लोंबतो. जिथे लोंबतो तिथे पाणी थांबतं, त्याच्या मागे हवा अडकते आणि पुढचं पाणी जाईना होतं. लोक म्हणतात लांब पाइप जवळ असलेला बरा. मुळीच नाही. उरलेला पाइप वेटोळं करून गवतावर ठेवला की प्रत्येक वेटोळं म्हणजे एक डबकं. पाइप अंतराला बेताचा कापा. माझ्याकडे एक, दीड आणि दोन मीटरचे तुकडे आहेत, जाळी बघून त्यातला उचलतो.

अंतर दोन मीटरच्या वर असेल तर मऊ पाइप सोडूनच द्या. घरच्या बेसिनला असतो तो ३२ मिलिमीटरचा ताठ प्लास्टिक पाइप आणा, डिकीत मावतील असे मीटरभराचे तुकडे करा आणि दाबून बसणारे जोड लावा. कॅरॅव्हॅनच्या तोंडाला मऊ पाइपचा वीतभर तुकडा, आणि त्याचं टोक ताठ पाइपात सैलसर सोडायचं. सैलच राहू द्या. मी पहिल्यांदा तिथे टेप गुंडाळून हवाबंद केलं होतं आणि पाणी गुळगुळ करत अडलं. टेप काढला तसं सुटलं, कारण हवेला वाट मिळाली.

उताराचा माझा हिशेब मीटरला अडीच सेंटिमीटर. तीन मीटरवर जाळी असेल तर साडेसात सेंटिमीटर उतरायला हवं. आमचं तोंड जमिनीपासून २४ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे जमीन सपाट असेल तर हे सहज बसतं. अडचण येते ती आधाराची. मी लाकडाचे चार ठोकळे कापून ठेवले आहेत, २०, १५, १० आणि ५ सेंटिमीटरचे, वर मार्करने आकडे घातलेले. तोंडाजवळ उंच, जाळीकडे बुटका. ही कल्पना माझी नाही. त्या डाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पिचवरचे आजोबा न बोलता दोन ओंडके घेऊन आले, पाइपाखाली सरकवले आणि गेले.

आता वाय-जॉइंट. सिंक उंचावर असतं आणि शॉवरचा ट्रे अगदी खाली. दोघांना तोंडापाशीच एकत्र केलंत आणि पुढे जरा अडथळा आला, की सिंकचं पाणी सगळ्यात खालचं भोक शोधतं, म्हणजे शॉवर. आमच्या मुलीने पाहिली ती डाळ अशी आली होती. माझं मत ठाम आहे: दोन तोंडांना दोन वेगळे पाइप, जाळीपर्यंत. एकच न्यायचा असेल तर जोड जाळीजवळ करा, कॅरॅव्हॅनजवळ कधीच नाही.

आणि जाळी तोंडापेक्षा उंचच असेल तर? मग भांडू नका. तोंडाखाली नेहमीची सुटी सांडपाण्याची टाकी ठेवा आणि भरली की चार पावलांवर जाळीत रिकामी करा. पैसे दिलेत म्हणून पाणी वर चढणार नाही.

पाइपाचं टोक जाळीत खोल घालायचं नाही, आतल्या साचलेल्या पाण्याच्या वरच राहायला हवं. कॅरॅव्हॅनच्या सिंकखाली घरच्यासारखा यू आकाराचा पाइप बहुधा नसतो, त्यामुळे गटाराचा वास अडवायला मध्ये काहीच नसतं. एरवी सगळे बूच लावून ठेवा, रात्री तर नक्की.

आपल्या स्वयंपाकाबद्दल इंग्रजी पुस्तिकांत काही नसतं, म्हणून सांगतो. फोडणीचं तेल आणि तूप थंड पाइपात गोठतं, भाताची शितं त्याला चिकटतात आणि तिसऱ्या दिवशी पाइप उंदीर मेल्यासारखा वास मारतो. कढई आणि ताटं आधी किचन पेपरने पुसा, मग धुवा. चहाचा चोथा कचऱ्यात. निघण्याच्या आदल्या रात्री किटलीभर गरम पाणी, उकळतं नव्हे, सिंकमध्ये सोडा.

संडासाची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) या जाळीत कधीही रिकामी करायची नाही, रात्री नाही, पावसात नाही, "थोडीशीच आहे" म्हणूनही नाही. तिच्यासाठी साइटवर वेगळी जागा असते आणि तिथपर्यंत चालत जायचं असतं.

पाणी

पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकतात तो निळा पाइप घ्या. बागेच्या हिरव्या पाइपातल्या पाण्याचा चहा रबरासारखा लागतो. नळाची तोटी निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाने पुसा, मिनिटभर पाणी वाहू द्या आणि मग जोडा. नळाला आटे अर्ध्या इंचाचे असतील की पाऊण, हे पोचल्यावरच कळतं, तेव्हा दोन्ही अडॅप्टर जवळ ठेवा.

पुढे दोन वाटा आहेत. एक, दाब कमी करणारा कनेक्टर लावून नळ थेट कॅरॅव्हॅनला जोडणं. दुसरी, अ‍ॅक्वारोलला बॉलकॉकचा (भरलं की तरंगत्या गोळ्याने पाणी थांबवणारा) अडॅप्टर लावून ते आपोआप भरत ठेवणं आणि पाणी नेहमीच्या पंपाने आत घेणं. मी दुसरी वापरतो आणि वाद घालत नाही. थेट जोडणीत आतला एखादा जोड निसटला तर नळ बंद करेपर्यंत पाणी येतच राहतं, फरशी भिजत राहते. पंपाचं बटण बंद केलं की गोष्ट थांबते. दाब कमी न करता नळ थेट जोडणाऱ्यांशी मी बोलतच नाही. नळाला तीन-चार बार दाब असू शकतो, आणि कॅरॅव्हॅनच्या आतले जोड छोट्या पंपाच्या हिशेबाने बसवलेले असतात.

अ‍ॅक्वारोल सपाट जागी ठेवा, नाहीतर बॉलकॉक नीट बसत नाही आणि पिचचं भातखाचर होतं. फिरायला जाताना नळ बंद.

आत

बॉयलरचा पाणी सोडायचा व्हॉल्व्ह बंद करा. हे विसरलात तर जे पाणी भरताय ते खालून गवतात जातंय. मग पंप चालू करून आधी गरम पाण्याचे नळ उघडा. बॉयलर दहा-चौदा लिटरचा असतो, तो भरेपर्यंत नळ खोकत राहतो. सलग धार आली की बंद करा आणि थंड पाण्याचे नळ उघडा. बॉयलर त्यानंतरच पेटवायचा.

एप्रिलच्या किंवा ऑक्टोबरच्या थंडीत काही बॉयलरचा हाच व्हॉल्व्ह तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की गोठू नये म्हणून स्वतःच उघडतो आणि सगळं पाणी सोडून देतो. ती गळती नव्हे. आधी आत ऊब करा, मग व्हॉल्व्ह लावा. गारठ्यात तो लागतच नाही, आणि लोक उगाच त्याला पक्कड लावतात.

निघताना

नळ बंद, मग आतला एखादा नळ उघडून दाब सोडा, मग पाइप काढा. बॉयलर गार झाला की रिकामा करा. सांडपाण्याचा पाइप कॅरॅव्हॅनकडून उचलून खांद्यावरून सरकवत जाळीपर्यंत चालत जा, म्हणजे आतलं पाणी डिकीत न जाता जाळीत जातं. निळ्या पाइपाची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला पहिल्या ग्लासात कोळी निघतो.